सात फुटी कुंपण, बंद फाटक आणि दोन मिनिटं : शिकागोच्या शाळेतील आगीचा प्रकरण अभ्यास

अग्निशमन दलाच्या साधनांवर बोलणं निघालं की पाण्याचा दाब, बंबाची क्षमता आणि शिडीची उंची यांवरच गाडी अडते. पण पाणी मारायच्या आधी आत जावं लागतं. फाटक, कुलूप, शटर, गज, काच किंवा छप्पर, काहीतरी वाटेत उभं असतंच. ते बाजूला करण्याच्या साधनांबद्दल आपल्याकडे फारच कमी लिहिलं गेलं आहे. म्हणून इथे एकच घटना घेतो. ती घडली शिकागोत, ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या कॅथलिक शाळेत, सोमवार १ डिसेंबर १९५८ रोजी. त्या आगीत ९२ मुलं आणि ३ नन्स गेल्या. शाळांच्या अग्निसुरक्षेचा इतिहास सांगताना तिचा उल्लेख नेहमी येतो, तो बहुतेक वेळा जिने, दारं आणि स्प्रिंकलर (आग लागताच छतातून आपोआप पाणी शिंपडणारी यंत्रणा) यांच्या संदर्भात. मला त्यातली दोन मिनिटं महत्त्वाची वाटतात. ती जवानांनी एका बंद फाटकापुढे घालवली.

इमारत

शाळा हम्बोल्ट पार्क भागात, एव्हर्स अव्हेन्यू आणि आयोवा स्ट्रीटच्या कोपऱ्याजवळ होती. इमारतीचा आकार इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा. दोन विंगांच्या मध्ये छोटं अंगण, तीन बाजूंनी शाळेच्या भिंती, आणि चौथ्या, रस्त्याकडच्या बाजूला सात फूट उंचीचं लोखंडी गजांचं कुंपण. कुंपणाला फाटक होतं. बाहेरच्यांनी येऊन नासधूस करू नये म्हणून त्याला नेहमी कुलूप असे.

उत्तरेची विंग १९१० सालची. बाहेरून विटांची, आतून जिने, फरशा, दारं, छताचा सांगाडा सगळं लाकडाचं. वर्षानुवर्षं पॉलिश चढवून जमिनी गुळगुळीत केलेल्या. छतावर डांबराचे थर एकावर एक चढवलेले. तळघर अर्धं जमिनीच्या वर असल्यामुळे दुसऱ्या मजल्याच्या (अमेरिकी मोजणीतल्या, म्हणजे आपल्याकडच्या पहिल्या) खिडक्या जमिनीपासून सुमारे २५ फुटांवर गेल्या होत्या. पहिल्या मजल्यावर जिन्याला आग अडवणारं दार होतं. दुसऱ्या मजल्यावर नव्हतं. स्प्रिंकलर नव्हते, आणि शाळेतली धोक्याची घंटा अग्निशमन दलाला जोडलेली नव्हती. तरीही ही शाळा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तपासणीत उत्तीर्ण झाली होती, कारण शहराची १९४९ सालची नियमावली जुन्या इमारतींना मागे जाऊन लागू होत नव्हती.

आग तळघरात, ईशान्य जिन्याच्या पायथ्याशी, कचऱ्याच्या पुठ्ठ्याच्या पिंपात लागली. ती कशामुळे लागली हे अधिकृतपणे कधीच ठरलं नाही. कोणाच्या लक्षात येईपर्यंत ती बराच वेळ धुमसत होती. मग धूर आणि उष्ण वायू उघड्या जिन्याने थेट दुसऱ्या मजल्यावर पोचले. तिथे सहा वर्गांत सव्वातीनशेच्या आसपास मुलं बसलेली होती. वर्गाचं दार उघडलं तर समोर काळा धूर. त्यामुळे सगळ्यांची बाहेर पडायची वाट एकच उरली, खिडकी.

वर्दी आणि फाटक

दलाला वर्दी मिळाली दुपारी २ वाजून ४२ मिनिटांनी. पहिल्या फोनवर पत्ता मिळाला तो कोपऱ्यापलीकडच्या धर्मगुरूंच्या निवासाचा. गाड्या चार मिनिटांच्या आत पोचल्या, पण चुकीच्या दारापुढे. त्या वळवाव्या लागल्या, पाण्याच्या नळ्या पुन्हा ओढाव्या लागल्या.

आणि मग फाटक आलं.

उत्तर विंगच्या दक्षिणेकडच्या खिडक्या त्या अंगणात उघडत होत्या. त्या खिडक्यांना शिडी लावायची तर अंगणात शिरणं भाग होतं. आतली मुलं चौकटींवर चढलेली, काही उड्या मारू लागलेली, आणि जवानांसमोर कुलूपबंद लोखंड. त्यांनी घण घातले. घणांनी जमेना तेव्हा शिडीच धडक मारायला वापरली. फाटक तुटायला दोन मिनिटं लागली.

शहराच्या रस्त्यांवरून येण्यासाठी चार मिनिटंही पुरली, आणि शेवटच्या काही पावलांसाठी दोन मिनिटं गेली. या प्रमाणाकडे पुन्हा पाहावं असं मला वाटतं. गाडी लवकर निघावी म्हणून दलं खूप पैसा आणि मेहनत खर्च करतात: वायरलेस, नवी स्थानकं, वाहतूक बाजूला करणं. त्या खर्चाने वाचवलेला वेळ एका साध्या फाटकाने परत घेतला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. फाटक अडवत होतं ते फक्त अंगणाकडच्या खिडक्यांना. इतर बाजूंच्या खिडक्यांना शिड्या त्याविना लागू शकत होत्या. आणि दल आलं तेव्हा काही वर्गांतली अवस्था आधीच माणूस टिकू शकणार नाही अशी झाली होती. त्यामुळे ‘फाटकाने इतके जीव घेतले’ असा हिशेब कोणी मांडला तर तो मी मान्य करणार नाही. पण प्रत्येक खिडकीवर सेकंदासेकंदाने माणसं कमी होत असताना त्या दोन मिनिटांचं मोल काय, हे सांगायला आकड्यांची गरज नाही.

घण इतका वेळ का घेतो

लोखंडी गजांचं फाटक दगडी भिंतीसारखं ताठ नसतं. ते लवचिक असतं. त्यावर घण बसला की गज वाकतो, फाटक थरथरतं, बिजागऱ्यांत खडखडतं, आणि घणाची बरीचशी ताकद या हलण्यात वाया जाते. भिंत किंवा काँक्रीट फोडायला घण उत्तम, कारण तिथे समोरची वस्तू वाकू शकत नाही, फुटते. वाकणाऱ्या धातूला मात्र उचकटावं लागतं किंवा कापावं लागतं. शिडीची धडक घणापेक्षा परिणामकारक ठरण्यामागेही हेच असावं: वजन मोठं, चार-सहा माणसांचा जोर एकाच जागी, आणि धक्का कुलपापाशी किंवा बिजागरीपाशी देता येतो. पण त्यात शिडी खराब होण्याचा धोका असतो, आणि त्या क्षणी तीच शिडी खिडकीवर हवी होती.

उचकटायचं साधन तेव्हा अस्तित्वात होतं. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे वरिष्ठ अधिकारी ह्यू हॅलिगन यांनी १९४८ साली एक हत्यार तयार करून घेतलं, ते आज जगभर ‘हॅलिगन बार’ म्हणून ओळखलं जातं. एकाच पोलादी तुकड्यातून घडवलेला दांडा. एका टोकाला दोन दातांचा चपटा काटा. दुसऱ्या टोकाला आडवं, पाचरीसारखं पातं आणि त्याच्याशी काटकोनात एक अणकुचीदार चोच. याआधी न्यूयॉर्कमध्ये जी हत्यारं होती त्यांच्यातल्या उणिवा भरून काढायचा हॅलिगन यांचा प्रयत्न होता. जुन्या हत्याराची एक अडचण अशी होती की त्यावर घण घालताना फटका मध्यावर बसत नसे आणि तो निसटून जवानालाच लागायचा धोका असे. एकसंध घडण आणि सरळ रेषेत बसणारा फटका, हे या नव्या दांड्याचं खरं बळ.

त्याचा पुढचा प्रवासही सांगण्यासारखा आहे. हॅलिगन स्वतः दलातच असल्यामुळे हितसंबंधांचा आक्षेप येईल, म्हणून न्यूयॉर्कच्या दलाने ते सुरुवातीला अधिकृतपणे विकत घेतलं नाही. बोस्टनने मात्र आपल्या प्रत्येक गाडीसाठी एकेक घेतला. न्यूयॉर्कच्या शिडीगाड्यांवरच्या जवानांनी मग पदरमोड करून ते आणले. कागदावरच्या आक्षेपापेक्षा जवानाच्या हाताला काय कळतं, याचा इतका सरळ पुरावा क्वचित मिळतो.

हॅलिगन एकट्याने चालत नाही. त्याच्या जोडीला चपट्या पाठीची, सुमारे पावणेतीन किलोच्या पात्याची कुऱ्हाड लागते. एक जवान काट्याचं टोक दार आणि चौकट यांच्या फटीत, कुलपाच्या जरा वर किंवा खाली, धरतो. दुसरा कुऱ्हाडीच्या पाठीने त्यावर ठोके मारतो. काटा चौकटीच्या मागे पोचला की पहिला जवान दांड्याला जोर देतो. दांडा सुमारे ७५ सेंटीमीटर लांब आणि टेकू टोकापासून ५ सेंटीमीटरवर, असं धरलं तर ४० किलोचा जोर टोकापाशी साधारण ५६० किलोचा होतो. सामान्य कडी-कोयंडा इतकं सोसत नाही. आडवं पातं कोयंड्यामागे घालून पिरगळता येतं, चोच लटकत्या कुलपाच्या कडीत अडकवून तेच कुलूप फिरवून तोडता येतं. जोडगोळी सरावलेली असेल तर एक शब्दही न बोलता हे होतं. सराव नसेल तर काटा धरणाऱ्याच्या हातावर कुऱ्हाड बसते.

फाटकाच्या बाबतीत आणखी एक जागा बघायची असते: बिजागऱ्या. बरीच लोखंडी फाटकं बिजागरीच्या खिळ्यावर नुसती बसवलेली असतात. खाली पहार घालून वर उचललं तर अख्खं फाटक कुलपासकट निघून येतं. लोक कुलपाशी झुंजत राहतात, कारण डोळ्यांना तेच दिसतं. आणि सगळ्यांच्या आधी करायची गोष्ट इतकी साधी आहे की ती घाईत राहून जाते. दार ढकलून पाहायचं. ते उघडंही असू शकतं.

साखळी आणि लटकतं कुलूप असेल तर बोल्ट कटर सगळ्यांत जलद. पण कडक केलेल्या पोलादाच्या कडीवर त्याचे जबडे बोथट होतात, तिथे साखळीचा दुवा कापणं शहाणपणाचं. धातू कापणाऱ्या चकतीची इंजिनवर चालणारी करवत आणि हायड्रॉलिक स्प्रेडर-कटर (द्रवाच्या दाबाने धातू फाकवणारा आणि कापणारा जबडा) ही साधनं अग्निशमन दलांत या घटनेनंतरच्या दशकांत रुळली. स्प्रेडर तर मोटारींच्या शर्यतीतल्या अपघातग्रस्त गाड्यांमधून चालकांना काढण्यासाठी जन्मला आणि पुढे दलांच्या गाड्यांवर आला. आज हातपंपावर चालणारा छोटा हायड्रॉलिक डोअर ओपनर दोन माणसं सहज नेऊ शकतात. त्याचे चपटे ओठ फटीत बसवले की थोड्या पंपांतच आत उघडणारं दार चौकटीतून सुटतं. बाहेर उघडणाऱ्या दाराला मात्र अजूनही हॅलिगनच लागतो.

‘मग कुंपणावरून शिड्या का नाही नेल्या?’ हा प्रश्न योग्य आहे. सात फुटांवरून एक चपळ माणूस चढून जाईल. २५ फुटांवर पोचणारी लाकडी शिडी मात्र काही माणसांनी मिळून उचलायची वस्तू आहे, आणि टोकदार गजांवरून ती पलीकडे उतरवून पुन्हा उभी करायला वेळ लागतो. शिवाय वर चढून आणलेली, भाजलेली, बेशुद्ध मुलं त्याच अंगणातून बाहेर न्यायची होती. त्यासाठी फाटक उघडं हवंच. माझ्या मते दलाचा निर्णय बरोबर होता, साधन अपुरं होतं. माणसं पुरेशी असतील तर दोन्ही कामं एकदम करता येतात. एक टोळी फाटकावर, दुसरी शिडी वरून देत. पहिल्या गाडीवर तेवढी माणसं क्वचितच असतात.

चावी

शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, त्याच दुपारी, एक अडथळा कोणतंही हत्यार न वापरता दूर झाला. २०७ क्रमांकाच्या वर्गातून बाहेरच्या लोखंडी जिन्यावर जाणारं दार होतं, आणि ते बंद होतं. शाळेचा जॅनिटर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा कर्मचारी, तिथे पोचला. त्याच्याकडे चावी होती. दार उघडलं आणि त्या वर्गातली मुलं जिन्याने खाली आली. त्या वर्गातलं एकही मूल दगावलं नाही. त्या एका माणसाच्या खिशातल्या चावीने जे झालं ते दलाच्या घणांना अंगणाच्या फाटकावर दोन मिनिटं झालं नाही. जॅनिटर तिथे वेळेत पोचला नसता तर? संकटकाळी बाहेर पडायचं दार चावीवर अवलंबून असू नये, हा नियम आज अनेक देशांत आहे. आतून ढकललं की उघडणारी आडवी दांडी, बाहेरून हवं तेवढं कुलूप.

अमेरिकेतल्या अनेक शहरांत आता इमारतीच्या भिंतीत पक्की बसवलेली छोटी पोलादी पेटी असते. तिच्यात इमारतीच्या चाव्या, आणि ती पेटी उघडणारी चावी फक्त अग्निशमन दलाकडे. चोरांची भीती आणि आगीची भीती या दोन्हींना एकाच वेळी उत्तर देणारी ही गोष्ट मला फार आवडते. शिकागोच्या शाळेने फाटकाला कुलूप लावलं ते मूर्खपणाने नव्हे. त्यांना खरोखरच नासधुशीचा त्रास होता. जो कुलूप लावतो त्याच्याकडे कारण असतंच. त्याला कुलूप काढ म्हणण्यापेक्षा चावी कुठे आहे हे विचारणं जास्त उपयोगी.

शिडीच्या टोकाला

फाटक तुटल्यावरचं काम सगळं खिडक्यांवरचं. शेजाऱ्यांनी घरच्या शिड्या आणल्या, पण त्या दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचल्या नाहीत. २११ क्रमांकाच्या वर्गाच्या खिडकीशी लेफ्टनंट चार्ल्स कॅमिन शिडीवर होते. खिडकीत मुलं इतकी दाटीवाटीने अडकली होती की एकालाही पुढे सरकता येईना. कॅमिन यांनी एकेका मुलाच्या पट्ट्याला धरून त्याला ओढून काढलं आणि आपल्या पाठीमागून शिडीवर सोडलं. अशी आठ-नऊ मुलं त्यांनी काढली. मग त्या खोलीतली सगळी हवाच पेटली. इथे अडथळा माणसांचाच होता, आणि तो दूर करण्याचं हत्यार म्हणजे एक हात. त्या दिवशी दलाने दीडशेहून अधिक मुलं बाहेर काढली. हा आकडा मृतांच्या आकड्याशेजारी क्वचित लिहिला जातो, तो लिहिला जावा.

छताबद्दल थोडंसं. उष्णता वर अडकली की तिला वरूनच वाट द्यावी लागते. जवान छतावर जाऊन कुऱ्हाडीने भोक पाडतात ते याचसाठी. भोक पडलं की उष्ण धूर वर निघून जातो आणि खाली माणसं शोधणं शक्य होतं. डांबराचे अनेक थर असलेलं छप्पर कुऱ्हाडीने उघडायला जड जातं, आणि खालचं लाकूड जळत असेल तर वर उभं राहणंही धोक्याचं. इथे छताचा काही भाग शेवटी कोसळला.

आपल्याकडे

या घटनेनंतर अमेरिकेत शाळांच्या इमारती आणि नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. जिने बंदिस्त झाले, स्प्रिंकलर आले, घंटा दलाला जोडल्या गेल्या. आपल्याकडे १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं गेली, आणि १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या शाळांसाठी अग्निसुरक्षेचे निर्देश दिले. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार इमारतीच्या मालकाला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

पण आपल्या शाळांच्या इमारतींकडे बाहेरून पाहा. जिन्याच्या तोंडाशी चॅनेल गेट. मागच्या बाजूला आणखी एक चॅनेल गेट, बहुधा कायमचं बंद, त्याच्या मागे मोडकी बाकं रचलेली. खिडक्यांना भिंतीत गाडलेले गज. शिकागोच्या मुलांना खिडकीतून उडी तरी मारता आली, आपल्या कित्येक वर्गांच्या खिडक्यांतून तेही शक्य नाही आणि शिडी लावलेल्या जवानालाही आधी गज कापावे लागतील. २५ फुटांवर, शिडीवर एका पायाने अडकून, एका हाताने कटर धरून, समोर श्वास कोंडलेली मुलं असताना गज कापणं म्हणजे काय, याचा विचार गज बसवताना कोणी करत नाही. निवासी इमारतींत तर खिडकीबाहेर पुढे काढलेल्या लोखंडी जाळ्या सर्रास आहेत.

चॅनेल गेट उचकटायला कठीण असतं, कारण त्याला दार आणि चौकट अशी फटच नसते. पट्ट्या एकमेकींत अडकलेल्या, रुळावर धावणाऱ्या. जोर दिला की ते दाबलं जातं आणि पुन्हा पसरतं. तिथे कोयंडाच कापायचा किंवा तोडायचा, बाकी पट्ट्यांशी झटापट करायची नाही. कुलूप आतल्या बाजूला लावलेलं असेल तर हात गजांमधून घालून कटर चालवावा लागतो, म्हणून कुलूप कुठल्या बाजूने लटकतं हेही महत्त्वाचं. शटरला दोन्ही बाजूंना कुलपं असतात. एकच तोडून ते वर ढकललं तर ते तिरकं अडकतं आणि मग दुसरं तोडणं आणखी अवघड होतं.

जानेवारी आणि जुलैच्या त्या तपासणीच्या दिवशीच शाळेने जवळच्या अग्निशमन केंद्राच्या ठाणे अधिकाऱ्यांना बोलवावं आणि फाटकापासून वरच्या मजल्यापर्यंत चालत न्यावं. कोणतं फाटक शाळा सुरू असताना बंद असतं, चावी कोणाकडे असते, तो माणूस रजेवर असला तर कोणाकडे, गाडी अंगणात वळते का, शिडी कोणत्या खिडकीला लागते, हे त्यांना दाखवावं. खिडकीच्या गजांचा निदान एक भाग प्रत्येक वर्गात बिजागरीवर उघडणारा, आतून कडीने बंद होणारा असावा, आणि ती कडी सातवीतल्या मुलाच्या हाताला पोचावी. चॅनेल गेटमागची बाकं त्याच दिवशी हलवावीत. मग केंद्राच्या जवानांनी पहार, बोल्ट कटर आणि शिडी घेऊन फाटकापासून वरच्या खिडकीपर्यंत एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावं, आणि लागलेली मिनिटं मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या त्या प्रमाणपत्राशेजारी लिहून लावावीत.